एका खोलीच्या घरात पेटी ठेवायची कुठे?

करंजाडेत रविवारी सकाळी एखाद्या इमारतीखाली सामानाचा टेम्पो उभा नाही, असे सहसा होत नाही. कोणी चेंबूरच्या वस्तीतून येतो, कोणी घाटकोपरच्या डोंगरावरून, कोणी नवी मुंबईतल्याच भाड्याच्या खोलीतून. मुंबईत घर परवडत नाही, वाशी-नेरुळला परवडत नाही, म्हणून माणूस कर्ज काढून किंवा डिपॉझिट भरून पनवेलच्या कडेला येऊन टेकतो. टेम्पोतून सगळ्यात आधी उतरते ती बाबासाहेबांची तसबीर, कारण ती कोणीतरी मांडीवर धरून आणलेली असते. मग गॅस, भांडी, गाद्या, फ्रीज. सगळ्यात शेवटी टेम्पोच्या तळाशी राहिलेली पत्र्याची पेटी उतरते आणि तिथेच घोडे अडते. पेटी दोघांनी धरून वर नेली जाते, पण घरात तिला जागा नसते. आठ दिवस ती दाराबाहेर राहते. मग सोसायटीचा माणूस सांगतो की जिन्यात सामान ठेवता येणार नाही. त्याचेही खरेच असते, उद्या आग लागली तर माणसांनी उतरायचे कुठून? नवव्या दिवशी भंगारवाला येतो. पेटी वजनावर जाते आणि आतले कागद रद्दीच्या भावाने जातात.

या लेखात मला त्या पेटीची बाजू मांडायची आहे.

कोणी म्हणेल, शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, नोकऱ्या कंत्राटी झाल्या आहेत, आणि हा माणूस माळ्यावर आणि पेटीवर काय लिहीत बसला आहे? सामान कुठे ठेवायचे हा बायकांचा प्रश्न, चळवळीचा नव्हे, असेही काही जण म्हणतील. मला हे मान्य नाही. घरातला जो प्रश्न बायकांवर ढकलून पुरुष मोकळे होतात, तो बहुतेक वेळा सगळ्या घराच्या मुळाशी असलेला प्रश्न असतो.

आधी करंजाडेतले घर कसे असते ते पाहू. एक खोली आणि स्वयंपाकघर, म्हणजे ज्याला वन आरके म्हणतात, किंवा फार तर वन बीएचके. खोली दहा बाय बारा. तिच्यात पलंग, टीव्ही, कपाट, मुलांचे अभ्यासाचे टेबल, शिलाई मशीन. स्वयंपाकघरात ओटा, फ्रीज, दोन सिलिंडर, तांदळाची पिंपे. आणि पाणी. पाण्याची ओरड करंजाडेला नवी नाही. ज्या घरात नळ कधी येईल याचा भरवसा नसतो, त्या घरात पाणी साठवावेच लागते. दोनशे लिटरचा एक ड्रम जमिनीवर जवळजवळ चार चौरस फूट जागा खातो. दोन ड्रम, चार कळशा आणि बादल्या मांडल्या की घरातली दहा-बारा चौरस फूट जागा पाण्यानेच अडवली. आज या भागात फ्लॅटचा चौरस फुटाचा भाव काय आहे ते ज्याचे त्याने आठवावे आणि नळाच्या अनियमितपणाची किंमत आपण कर्जाच्या हप्त्यातून किती मोजतो याचा हिशोब करावा. ज्या रायगड जिल्ह्यात १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच जिल्ह्यात आज आमच्या माउल्या घरातली निम्मी मोकळी जागा पाण्याला देऊन बसल्या आहेत.

हा प्रश्न एका समाजाचा नाही, हेही सांगितले पाहिजे. नवी मुंबई विमानतळासाठी दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्या विमानतळाचे उद्घाटन झाले. त्या गावांतली काही कुटुंबे याच करंजाडे-वडघर परिसरात राहायला आली. आगरी-कोळी घराला पडवी होती, अंगण होते, भाताला आणि जाळ्यांना जागा होती. आता त्यांच्यातही इमारतीतल्या घराची सवय करून घेणे चालू आहे. जाळे बाल्कनीत टांगणारा कोळी आणि पेटी जिन्यात ठेवणारा बौद्ध, दोघांची अडचण एकच आहे. घर आखणाऱ्याने माणसे मोजली, माणसांचे सामान मोजले नाही.

आता पेटीकडे येतो. आमच्या शेजारच्या इमारतीत एक कुटुंब आले. आजोबा गिरणीत होते, वडील रिक्षा चालवतात, मुलगी हुशार. घर लावताना जुनी पेटी आड येऊ लागली. चाळीस वर्षे कोणी उघडलेली नव्हती. वरच्या थरात लग्नपत्रिका, जुन्या वर्तमानपत्रांचे अंक, जयंतीची हँडबिले, आजोबांचे गिरणीचे कार्ड. खाली काय आहे ते बघायला कोणाला वेळ नव्हता. पेटी भंगारात गेली. पुढच्या वर्षी मुलगी बारावी झाली आणि प्रवेशासाठी जात वैधता प्रमाणपत्राची वेळ आली. तेव्हा सगळ्यांना पेटीच्या तळाशी असलेला आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला आठवला. वडील गावच्या शाळेत तीन वेळा गेले. एकदा मुख्याध्यापक रजेवर होते, एकदा जुने रजिस्टर सापडेना, तिसऱ्या वेळी सापडले तर नेमके ते पान वाळवीने खाल्लेले. घरात रडारड. शेवटी मुलीच्या आत्याला आठवले की तिच्या लग्नानंतर भावाने तिच्याही मुलांसाठी म्हणून त्या दाखल्याची एक साक्षांकित प्रत दिली होती. आत्याकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात ती प्रत निघाली. तिच्यावरून शाळेचा नोंदणी क्रमांक मिळाला, त्यावरून तालुक्याला असलेल्या दुसऱ्या नोंदीचा माग लागला आणि काम झाले. एका डब्याने मुलीचे वर्ष वाचवले.

प्रत्येक घरात अशी आत्या असते का?

हा कागदांचा मामला नीट समजून घेण्याची गरज आहे. महाराष्ट्रात जात प्रमाणपत्र देण्याचा आणि पडताळण्याचा कायदा २००० सालचा आहे, तो २००१ पासून लागू झाला. त्या कायद्यात एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे, की आपण अमुक जातीचे आहोत हे सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच आहे. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. त्या तारखेच्या आधीचा, आजोबा-पणजोबांचा जातीचा आणि वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. बौद्धांच्या घरात आणखी एक पायरी असते. आजोबांच्या दाखल्यावर महार, वडिलांच्या दाखल्यावर बौद्ध किंवा नवबौद्ध, मुलीच्या दाखल्यावर बौद्ध. १९९० च्या दुरुस्तीने केंद्रात बौद्धांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला, पण या तीन कागदांची साखळी जोडून दाखवायचे काम ज्याचे त्यालाच करावे लागते. साखळीतली एक कडी भंगारात गेली की संपले. ज्या व्यवस्थेने हजारो वर्षे आमची जात एका नजरेत ओळखली, तीच व्यवस्था आज आम्हाला विचारते, पुरावा काय?

अशा वेळी मोठ्या वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या काय सांगतात? छोटे घर मोठे कसे करावे, याचे लेख येतात. त्यातला पहिला नियम ठरलेला असतो, की जे वर्षभर वापरले नाही ते टाकून द्या. ज्यांच्याकडे तीन मिक्सर आणि चाळीस चादरी आहेत त्यांना हा सल्ला ठीक आहे. ज्यांच्या सातबारावर पिढ्यान्‌पिढ्या नाव आहे, ज्यांचा वाडा गावात उभा आहे, ज्यांच्या घराण्याचा इतिहास दप्तरखान्यात आणि ग्रंथालयात सुरक्षित आहे, त्यांनी घरातले जुने कागद टाकले तरी त्यांचे काही बिघडत नाही. आमचा इतिहास सरकारी दप्तरात फारसा नाही. तो आईच्या गाठोड्यात आहे, बापाच्या पेटीत आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांचा इतिहास शोधला आणि १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक दिले. त्यासाठी त्यांना त्या बायकांच्या घरांपर्यंत आणि आठवणींपर्यंत जावे लागले. अशा घरांतले जुने फोटो आणि पत्रके ‘वर्षभर वापरले नाही’ म्हणून टाकली गेली, तर उद्या लिहिणाऱ्याच्या हाती काय लागणार?

साठवणे हा आमच्यासाठी हक्काचा प्रश्न आहे. मनुस्मृतीने शूद्राला सामर्थ्य असले तरी धनाचा संचय करू नये असे बजावले. ती मनुस्मृती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळली गेली. जाळली ती केवळ पोथी नव्हती, ‘तू साठवायचे नाहीस’ ही आज्ञा जाळली. गावगाड्यात पाटलाच्या घरी कणग्या होत्या, पेवे होती. महारवाड्यात बलुत्याची भाकर त्या दिवशी मागायची आणि त्या दिवशी खायची. ज्याला उद्याचे साठवता येत नाही त्याला उद्याचा विचारही करता येत नाही, तो कायम दुसऱ्याच्या दारात राहतो. म्हणून माझ्या मते आमच्या बापजाद्यांनी शहरात येऊन घेतलेली पहिली पत्र्याची पेटी ही साधी वस्तू नाही. कुलूप लावता येईल अशी, स्वतःच्या मालकीची ती पहिली जागा होती.

यावर धम्माचा दाखला देऊन कोणी म्हणेल, की भगवान बुद्धांनी तर संग्रह करू नका असे सांगितले. भिक्खूला आठच वस्तू बाळगायची मुभा होती. खरे आहे, पण तो भिक्खूचा नियम आहे. गृहस्थासाठी बुद्धांनी वेगळे सांगितले. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत, त्यातला एक भाग आपत्तीच्या वेळेसाठी जपून ठेवायचा. म्हणजे जपून ठेवणे वाईट नाही, तृष्णेने साठवणे वाईट. दहा जोड चपला आणि तुटका कुकर साठवणे ही तृष्णा झाली. आजोबांचा दाखला जपणे हा शहाणपणा झाला. आमच्या घरांत नेमके उलटे होते. फुटकी बादली राहते आणि कागद जातात.

बाबासाहेबांचे उदाहरण या बाबतीतही आपल्यासमोर आहे. परळच्या डबक चाळीतल्या एका खोलीत ते शिकले. त्याच खोलीत स्वयंपाक, सरपण, भांडी, जाते, बकरी आणि सगळी माणसे. निजायला आळीपाळीने जागा मिळायची. रामजीबाबा रात्री दोन वाजता उठवत आणि भीमराव दिव्याच्या उजेडात अभ्यास करीत. जागेची टंचाई बाबासाहेबांना कोणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती. पुढे बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत त्यांनी अनेक वर्षे काढली. परदेशातून १९१७ साली परतताना त्यांची पुस्तके वेगळ्या बोटीने येत होती, ती बोट पाणतीराने बुडाली आणि पुस्तके समुद्रात गेली. तरी त्यांनी पुन्हा पुस्तके जमवली, इतकी की १९३० च्या दशकात दादरच्या हिंदू कॉलनीत राजगृह बांधले ते पुस्तकांना डोळ्यांसमोर ठेवून. ज्या माणसाने निजायला जागा नव्हती ते दिवस पाहिले, त्याने ऐपत येताच पहिली सोय केली ती ग्रंथांची.

त्यांच्या पश्चात काय झाले, तेही विसरता कामा नये. दिल्लीच्या २६, अलीपूर मार्गावरच्या त्यांच्या निवासस्थानातले सामान साठच्या दशकात बाहेर काढले गेले. काही कागद उघड्यावर पडून पावसात भिजले. उरलेली हस्तलिखिते पुढे कोर्टकज्जात आणि सरकारी ताब्यात लोखंडी पेट्यांत बंद राहिली. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर लेखन आणि भाषणे’ हे खंड काढायला सुरुवात केली. वसंत मून यांनी या कामासाठी अहोरात्र कष्ट घेतले आणि त्या पेट्यांतले लेखन जगापुढे आले. ‘रिडल्स इन हिंदुइझम’ असलेला चौथा खंड १९८७ साली निघाला तो या अप्रकाशित लेखनातूनच. त्या पेट्याही कोणी भंगारात घातल्या असत्या तर आज आपण काय वाचत असतो? आणि जे कागद त्या पावसात भिजले त्यांत काय होते, हे आता कोण सांगणार? बाबासाहेबांच्या कागदांना जर पाऊस सोडत नाही, तर आपल्या जिन्यातल्या पेटीला कोण सोडणार?

एवढे बोलून मी थांबलो तर हे निव्वळ भाषण होईल. तेव्हा दहा बाय बाराच्या घरात जागा काढायची कशी, तेही सांगतो. मी काही वास्तुविशारद नाही. दोन भाड्याच्या घरांत आणि एका कर्जाच्या घरात राहून जे शिकलो ते सांगतो.

पहिली गोष्ट घर घेण्याआधीची. बिल्डरचा माणूस सुपर बिल्टअपचा आकडा सांगतो, आपण हुरळून जातो. रेरा कायदा २०१६ चा आहे आणि महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. त्या कायद्यात कार्पेट म्हणजे काय ते ठरवून दिले आहे. घरातली वापरायची जागा आणि आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरची भिंत, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात धरत नाहीत. तेव्हा कार्पेट विचारावे आणि स्वतः टेप घेऊन मोजावे. सोबत दोन प्रश्न विचारावेत. माळा दिला आहे का, आणि तो सिमेंट-सळईचा आहे की नंतर टाकलेल्या कडाप्प्याचा? टाइल्सचा रंग विचारणारे पुष्कळ असतात, माळा विचारणारा विरळा.

दुसरी गोष्ट अशी की आपण घर जमिनीवरून मोजतो, ते हवेतूनही मोजले पाहिजे. जमीन एकशेवीस चौरस फूट असेल, पण माणसाचे डोके सहा फुटांच्या आत संपते आणि त्याच्या वर तीन फूट हवा रिकामी असते. दहा फूट लांबीच्या भिंतीवर, सात फूट उंचीवर, दोन फूट रुंदीचा माळा असेल आणि वर दोन फूट मोकळे असतील, तर चाळीस घनफूट जागा मिळते. सहा बाय चारचा पलंग पेटीचा करून घेतला आणि आत एक फूट खोली असली तर आणखी चोवीस. दाराच्या वरची फळी, स्वयंपाकघराच्या दारामागचे हूक, ओट्याखालची सरकती जाळी हे सगळे धरले, तर एका कपाटाची जागा सहज निघते.

पण माळा भरताना भान ठेवले पाहिजे. तीन फुटांची फळी जाड पुस्तकांनी भरली तर पंचवीस-तीस किलो वजन होते. पुस्तके नेहमी सिमेंटच्या माळ्यावर किंवा खालच्या फळीवर ठेवावीत, खिळ्यांवर टांगलेल्या फळीवर नव्हे. पाण्याचा ड्रम माळ्यावर कधीही चढवू नये, दोनशे लिटर पाणी म्हणजे दोनशे किलो. कोनाडा काढायचा म्हणून चार इंची भिंत किंवा खांब फोडणारे मिस्त्री असतात. त्यांच्या नादी लागून सगळ्या इमारतीचा जीव धोक्यात घालू नये. आणि पलंगाच्या डोक्याशी, लहान मूल झोपते तिथे, वर जड सामान नको. वर हलके आणि क्वचित लागणारे, खाली जड आणि रोजचे, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ झाले.

तिसरी गोष्ट काय ठेवायचे आणि काय टाकायचे याची. वर्षभर वापरले का, हा प्रश्न आपण विचारू नये. दोन प्रश्न विचारावेत. हे गेले तर बाजारात पुन्हा मिळेल का? आणि हे गेले तर कोणाचा हक्क जाईल का? जे बाजारात मिळते ते टाकायला हरकत नाही. मोडका पंखा, फाटक्या गाद्या, पाहुण्यांसाठी म्हणून ठेवलेले आणि पाहुण्यांना कधी न वाढलेले कपबशांचे संच जाऊ द्यावेत. जे पुन्हा मिळत नाही ते ठेवावे. दाखले, जन्म-मृत्यूची नोंद, गिरणीचे किंवा पालिकेचे नोकरीचे कार्ड, जुनी शिधापत्रिका, भाडेपावत्या, खरेदीखत, मिरवणुकीतला फोटो, पहिल्या बौद्ध पद्धतीच्या लग्नाची पत्रिका. हे सगळे मिळून एका लहान बॅगेत मावते. खरे सांगायचे तर पेटीला जागा नसते असे नाही, तिच्या जागेवर मोडका पंखा बसलेला असतो.

चौथी गोष्ट कोकणातल्या पावसाची. जून ते सप्टेंबर इथे भिंतीला हात लावला तर ओल लागते. बाहेरच्या भिंतीला आणि संडास-बाथरूमच्या भिंतीला कागद टेकवून ठेवू नयेत, दोन बोटे अंतर सोडावे. पेटी जमिनीवर असेल तर खाली विटा द्याव्यात. कडुनिंबाचा वाळलेला पाला किंवा डांबराच्या गोळ्या ठेवाव्यात, पण गोळी कागदाला चिकटून नको आणि लहान मुलांच्या हाताला लागेल अशी नको. जुन्या दाखल्याला लॅमिनेशन करू नये. एकदा केले की ते काढता येत नाही आणि काढताना शाई निघून येते. त्यापेक्षा कापडी किंवा जाड कागदाच्या पाकिटात सुटे ठेवावे. प्रत्येक कागदाच्या तीन प्रती काढून त्यातली एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा आत्याकडे ठेवावी. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवावेत. डिजिलॉकर २०१५ पासून आहे, त्यातही ठेवावेत. पण आपण स्वतः चढवलेला फोटो म्हणजे मूळ कागद नव्हे, हे लक्षात असू द्यावे. समितीपुढे मूळ कागद लागतो.

आणि वर्षातून एकदा पेटी उघडावी. त्यासाठी आपल्याकडे मुहूर्त शोधायची गरज नाही. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, विहारात आणि घराघरांत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. अश्विन पौर्णिमेला वर्षावास संपतो तेव्हा पाऊसही ओसरलेला असतो. त्या दिवशी पेटी खाली काढावी, कागद सावलीत, वाऱ्यावर पसरावेत, भर उन्हात नको. मुलांना शेजारी बसवून सांगावे, हा तुझ्या पणजोबांचा अंगठा, ही तुझ्या आजीची पहिली सही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दिवसांतच हे होते. चैत्यभूमीवरून पुस्तकांची पिशवी भरून आणणारा आमचा समाज एक दिवस स्वतःच्या घरातल्या पुस्तकांवरची आणि कागदांवरची धूळ झटकू शकत नाही का?

इथे पुरुषांना उद्देशून एक शब्द. घरातली कुठली वस्तू कुठे आहे हे सगळे बाईला पाठ असते आणि त्या घराच्या कागदांवर नाव मात्र पुरुषाचे असते. टेम्पोतून पेटी उतरवताना ‘ठेवा किंवा टाका’ हा निर्णय तिला विचारून होत नाही. आत्याच्या डब्याची गोष्ट मी वर सांगितली. ज्या बाईला आपण लग्न करून दिले आणि वाट्यातून वगळले, तिनेच भावाच्या मुलीचे वर्ष वाचवले. हे विसरू नये.

शेवटी प्रश्न घरापुरता राहत नाही. मुंबईच्या बीडीडी चाळीत एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या वाढल्या. वरळीत त्याच रहिवाशांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या पहिल्या चाव्या मिळाल्या. झोपडपट्टी पुनर्वसनात १९९५ च्या योजनेत दोनशे पंचवीस चौरस फूट होते, मग दोनशे एकोणसत्तर झाले, मग तीनशे. हे फूट कोणी दयेने वाढवले नाहीत, लोकांनी मागितले म्हणून वाढले. मग आणखी काही मागायला काय हरकत आहे? लहान घराच्या प्रत्येक योजनेत सिमेंटचा माळा आणि भिंतीतले कपाट सक्तीचे करा. पाण्याची साठवण इमारतीच्या टाकीत होईल इतके नियमित पाणी द्या, म्हणजे ड्रमाखालची जागा माणसांना मिळेल. ज्या घरात मूल शिकते त्या घरात पुस्तकांची एक फळी भिंतीसोबतच यावी. सरकारी कार्यालयाला अभिलेखकक्ष लागतो, मग आमच्या घराला तो का नको?

आणि जे सरकार करणार नाही ते आपण करू शकतो. प्रत्येक विहारात एक लोखंडी कपाट आणि एक वही ठेवता येईल. ज्यांच्या घरी जागा नाही त्यांची जुनी हँडबिले, अंक, फोटो त्या कपाटात, नावनिशीवार नोंद करून, पावती देऊन ठेवता येतील. वर्गणी फक्त डीजे आणि कमानीसाठीच गोळा होते असे नाही, एका कपाटासाठीही होऊ शकते. शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून दोन तास देऊन ते कागद स्कॅन केले तर वस्तीचा इतिहास वस्तीतच राहील.

येत्या रविवारी करंजाडेत पुन्हा एखादा टेम्पो येईल. तसबीर आधी उतरेल आणि पेटी शेवटी. समाजबांधवांनो, पेटी जिन्यात ठेवू नका आणि न बघता भंगारातही देऊ नका. आधी ती उघडा, तळापर्यंत बघा. मोडका पंखा खाली उतरवा आणि त्याच्या जागी पेटी वर चढवा. बाबासाहेबांनी शिका म्हणून सांगितले. जे शिकलो त्याचा कागद जपणे हाही त्या शिकण्याचाच भाग आहे.

जयभीम.